कौलं उतरवण्याआधी

मुंबईच्या पश्चिम उपनगरात, चारी बाजूंनी टॉवर उभे राहिलेल्या एका गावठाणात आमचं घर आहे. आजेसासऱ्यांनी बांधलेलं, सागवानी खांबांचं, मंगलोरी कौलांचं. दरवर्षी मे महिन्यात शाकारणी व्हायची, तरी अलीकडे पावसाळा लागला की माजघरात बादल्या मांडाव्या लागत. वासे वाळवीने पोखरले होते, रिपा वाकल्या होत्या. शेवटी सगळं छप्पर उतरवून नवं घालायचं ठरलं. थोरल्या भाऊजींचे गुडघे दुखतात आणि यांची नोकरी फिरतीची, म्हणून महापालिकेचं काम माझ्याकडे आलं. छप्पर झाल्यापासून गावठाणातली माणसं विचारायला येतात. त्यांना जे सांगते तेच इथे लिहिते.

1. कायदा स्वतःच्या डोळ्यांनी वाचा.

मुंबईत या कामाला 1888 चा मुंबई महानगरपालिका अधिनियम लागू होतो. त्याचं 342 वं कलम सांगतं की बांधकामात भर घालायची, फेरफार किंवा दुरुस्ती करायची तर आयुक्तांना आगाऊ नोटीस द्यायला हवी. मात्र 'टेनंटेबल रिपेअर्स' त्यातून वगळलेली आहेत. वॉर्ड ऑफिसात सगळ्यांच्या तोंडी हाच शब्द असतो, म्हणून तो माहीत असावा. त्यात गिलावा, रंग, लाद्या बदलणं, संडास-मोरीची दुरुस्ती, नळ आणि ड्रेनेजचे पाइप बदलणं येतं. आणि त्याच मटेरियलने छप्पर बदलणंही येतं. लगेच त्याखाली काय चालणार नाही तेही दिलं आहे. घराची लांबी, रुंदी, उंची बदलायची नाही. भार घेणाऱ्या भिंतींचे आधार काढायचे किंवा बदलायचे नाहीत. जोतं खाली न्यायचं नाही. पोटमाळा घालायचा किंवा वाढवायचा नाही. उतरतं छप्पर सपाट करायचं नाही आणि वेगळं मटेरियल वापरायचं नाही.

म्हणजे कौलाच्या जागी कौल घालणं हा घरमालकाचा हक्क आहे. कौलाच्या जागी पत्रा, सिमेंटच्या पत्र्याच्या जागी रंगीत पत्रा किंवा कशाच्याही जागी स्लॅब घालायचा असेल तर परवानगी लागते. आमच्या गल्लीत हा फरक फार थोड्यांना माहीत होता. काही जण हक्काच्या कामासाठी कोणाकोणाला पैसे देऊन मोकळे झाले, तर काहींनी परवानगी लागणारं काम बिनधास्त केलं. कलमातला तो एक परिच्छेद छापून घ्या आणि फाइलीत सगळ्यांत वर लावा.

2. परवानगी लागत नसली तरी पुरावा लागतो.

मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं ते हे. गावठाणात कौलं उतरू लागली की संध्याकाळपर्यंत तक्रार जाते. कधी शेजारी करतो, कधी तक्रारी करणं हाच धंदा असलेला कोणी. मग 354-अ ची नोटीस येते: काम थांबवा आणि 24 तासांत परवानगी दाखवा. अशा वेळी "आधीही कौलंच होती, उंचीही एवढीच होती" हे तुम्ही कशावरून दाखवणार? जुनं छप्पर तर खाली उतरलेलं असतं, वासे अंगणात पडलेले असतात.

म्हणून पहिलं कौल हलवण्याआधी मोजमाप करून ठेवायचं. आम्ही जमिनीपासून आढ्याची उंची, चारही बाजूंच्या वळचणीची उंची आणि भिंतीबाहेर आलेल्या पाख्याची रुंदी मोजली. टेप धरलेला आणि आकडा वाचता येईल असा प्रत्येक मापाचा फोटो काढला. कौलाच्या पाठीवर कारखान्याचा छाप असतो, त्याचाही काढला. आमचा भाचा ड्राफ्ट्समन आहे, त्याने यावरून साधा नकाशा काढून दिला. हे सगळं जोडून वॉर्ड ऑफिसच्या इमारत व कारखाने विभागाला पत्र दिलं: अमुक कलमाखाली त्याच मटेरियलने छप्पर बदलत आहोत, माप तेच राहील, काम सुरू होण्याआधी आपण स्थळपाहणी करावी. आपणहून पालिकेला घरी का बोलवायचं, असं भाऊजींचं म्हणणं होतं. पण ज्युनियर इंजिनियर येऊन बघून गेले आणि त्यांच्या अहवालात आमच्या आढ्याची उंची लिहिली गेली. पुढे तक्रार झालीच. तेव्हा त्या अहवालावर ती तिथेच संपली.

3. घर कोणाचं आणि कधीचं, हे कागदावर हवं.

मिळकत पत्रिका, म्हणजे सगळे जिला प्रॉपर्टी कार्ड म्हणतात ती, नगर भूमापन कार्यालयाकडून मिळते. आता ऑनलाइनही निघते. आमच्या पत्रिकेवर अजून आजेसासऱ्यांचंच नाव होतं. गावठाणातल्या निम्म्याअधिक घरांची हीच गत असावी. घर चालू असतं, कर भरला जातो, लाइट बिल येतं, आणि पत्रिकेवरचा माणूस जाऊन दोन पिढ्या झालेल्या असतात. छपरासाठी अर्ज करायला गेलं की पहिला प्रश्न हाच येतो. वारस नोंदीला वेळ लागतो. तोवर सगळ्या वारसांचं संमतिपत्र घ्यावं. विरारचे चुलत दीर आणि नाशिकच्या नणंदबाई दोघांनीही आनंदाने सही केली, पण सही करण्याआधी "यामुळे आमचा हिस्सा जात नाही ना?" असं त्यांनी विचारलं. तो प्रश्न रास्त होता. म्हणून ही सही फक्त छपराच्या दुरुस्तीला आहे आणि हिस्सा आहे तसाच राहतो, हे वाक्य संमतिपत्रात घातलं. तुम्हीही घाला.

दुसरा कागद करनिर्धारण खात्याकडचा असेसमेंटचा उतारा. मुंबईत राहत्या बांधकामासाठी 17 एप्रिल 1964 ही तारीख धरतात. त्याआधीपासून उभं असलेलं बांधकाम पालिका सहन करते. व्यापारी वापरासाठी तारीख 1 एप्रिल 1962 आहे. तुमचं घर 1964 पूर्वीचं आहे हे सांगणारा भक्कम कागद म्हणजे जुना उतारा. खात्यात मिळत नसेल तर माहितीच्या अधिकारात मागा. दहा रुपये फी, आणि 30 दिवसांत उत्तर देणं त्यांना बंधनकारक आहे. आमचा उतारा तसाच मिळाला.

पडवीकडे मात्र नीट लक्ष द्या. पुष्कळ घरांच्या पडव्या नंतर बंदिस्त झालेल्या असतात आणि उताऱ्यात त्यांचं क्षेत्रफळ नसतं. छप्पर बदलताना अशी पडवी बोलण्यात येतेच. उताऱ्यात किती चौरस फूट लिहिलेत, ते अर्ज करण्याआधी पाहून ठेवा.

4. लाकूड की लोखंड, हे सुताराने ठरवायचं नाही.

खरी अडचण इथे आली. कौलं तीच राहणार होती, पण खालचा सांगाडा? वासे आणि रिपा बदलणं भागच होतं. मधल्या दोन तुळयाही आतून पोकळ झाल्या होत्या. सागवानाचा भाव ऐकून सुतारानेच सुचवलं की लोखंडी चॅनेल टाकू, कौलांखाली कोणाला दिसणार आहे? तसं कितीतरी घरांत झालंही आहे. पण कायदा छपराच्या मटेरियलबद्दल आणि भार पेलणाऱ्या आधारांबद्दल बोलतो. तुळई हा आधार नाही, असं कोण म्हणेल?

म्हणून आम्ही परवानाधारक स्ट्रक्चरल इंजिनियर गाठले. त्यांनी आधी वजनाचं गणित मांडलं, ते मला फार उपयोगी पडलं. मंगलोरी कौल एक-एक अडीच-तीन किलोचं. शंभर चौरस फुटाला साधारण दीडशे कौलं लागतात. म्हणजे एवढ्याशा भागावर चारशे किलोच्या आसपास वजन, आणि पावसात भिजलं की आणखी. ते पेलणारी तुळई बदलायची आणि त्याचा कागद नाही, हे त्यांना मान्य नव्हतं. त्यांनी रिपा-वाशांचं काम दुरुस्तीत ठेवलं आणि दोन तुळयांसाठी स्वतंत्र परवानगीचा अर्ज करायला लावला. सोबत त्यांचा दाखला होता: लोखंडी तुळया त्याच जागी आणि त्याच पातळीवर बसतील, आढं उंचावणार नाही. परवानगीला वेळ लागला. आली ती अटीसह आली: उंची वाढवायची नाही, भिंतींना हात लावायचा नाही, काम इंजिनियरच्या देखरेखीखाली करायचं.

इंजिनियरची फी जड वाटते, हे खरं. तरी घरात माणसं झोपतात, आणि त्यांच्या डोक्यावर किती किलो आहे हे गणित करून सांगणारा माणूस त्या फीच्या मोलाचा आहे, असं माझं मत आहे.

5. "करा तुम्ही, काही होत नाही" ही परवानगी नव्हे.

हे वाक्य मी वेगवेगळ्या टेबलांवर ऐकलं. सांगणारा माणूस वाईट नसतो, पण त्याची बदली होते, आणि नंतर येणाऱ्याला त्याचं बोलणं बंधनकारक नसतं. जे बोलणं होईल त्याचं त्याच दिवशी पत्र करा: "आज आपल्याशी झालेल्या चर्चेनुसार..." दोन प्रती न्या, एकीवर इनवर्डचा शिक्का, नंबर आणि तारीख घ्या. शिक्का मारायला टाळाटाळ झाली तर स्पीड पोस्टाने पाठवा आणि पोचपावती जपून ठेवा. माझ्या फाइलीत सर्वांत जास्त उपयोगी पडले ते हे शिक्केच.

6. 'परमिशनसकट' दर देणाऱ्याला तीच परमिशन दाखवायला सांगा.

ठेकेदार चौरस फुटाचा दर सांगतात आणि जोडून म्हणतात, "ऑफिसचं आम्ही बघतो." आम्हाला तसा एक भेटला. आधी कुठल्या घराचं केलंत, त्याचा कागद दाखवा, म्हटल्यावर तो पुन्हा फिरकला नाही. नोटीस येते ती घरमालकाच्या नावाने, ठेकेदाराच्या नव्हे. कोणी सरळ पैसे मागितले तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा 1064 हा टोल फ्री नंबर आहे. आमच्यावर ती वेळ आली नाही, पण एका टेबलावर फाइल विनाकारण अडून राहिली होती. तेव्हा मी वरिष्ठांना लेखी स्मरणपत्र दिलं आणि फाइल पुढे सरकली.

7. कामाला दिवाळीनंतर लागा.

मुंबईत पाऊस साधारण 11 जूनला पोचतो असं हवामान खातं धरतं. लोक एप्रिलमध्ये कौलं मोजायला लागतात आणि मे महिन्यात ऑफिसात जातात. तेव्हा तिथली माणसं नालेसफाई आणि धोकादायक इमारतींच्या कामात बुडालेली असतात. दिवाळीनंतर कागद सुरू केले तर मार्च-एप्रिलमध्ये छप्पर बसतं. जमलंच नाही तर पावसाळ्यापुरती ताडपत्री टाकून पुढच्या वर्षी काम करा, पण अर्धं छप्पर उघडं असताना नोटीस येईल असं करू नका.

8. शेजाऱ्यांना आधी सांगा.

आमची एक भिंत सामाईक आहे आणि वळचणीचं पाणी शेजारच्या बोळात पडतं. मी शेजारच्या वहिनींकडे नकाशा घेऊन गेले आणि पन्हळ लावून पाणी आमच्या बाजूला वळवू, असं सांगितलं. त्यांनी ना हरकत पत्र स्वतःहून दिलं. राबीट कुठे पडणार, बोळ किती दिवस अडणार, हेही बोलून घ्यावं.

9. भाडेकरू असाल तर.

1999 च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या 14 व्या कलमाप्रमाणे घर राहण्याजोगं ठेवणं ही मालकाची जबाबदारी आहे. त्याने दुर्लक्ष केलं तर किमान पंधरा दिवसांची नोटीस देऊन भाडेकरू स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो, पण वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंतच. जुन्या भाड्यात एवढ्यावर छप्पर होत नाही. तरीही नोटीस द्याच.

10. माझं सांगणं सगळीकडे लागू नाही.

गिरगावच्या खोताच्या वाडीसारख्या वारसा यादीतल्या वस्तीत आणि समुद्राकाठच्या कोळीवाड्यांत वेगळे नियम आहेत, तिथे आधी विचारा. मुंबईबाहेर हे 1888 चं कलम नाही. ग्रामपंचायतीच्या हद्दीत घर पुन्हा बांधण्यासाठी पंचायतीची परवानगी लागते. घराला धोकादायक म्हणून नोटीस आली असेल तर नुसत्या छपराचा विचार करून उपयोग नाही.

11. काम झाल्यावर एक पत्र उरतं.

छप्पर पूर्ण झाल्याचं पत्र द्या, त्याच जागांवरून काढलेले नवे फोटो जोडा, पोच घ्या. कौलांची आणि लोखंडाची बिलं, इंजिनियरचा दाखला, परवानगी, सगळं एका फाइलीत ठेवा आणि फाइल कुठे आहे ते घरातल्या तरुण माणसाला सांगा. पुढचं छप्पर त्यालाच घालायचं आहे.

मुंबईच्या गावठाणांत अजून कितीतरी कौलारू घरं उभी आहेत, आणि ती कायद्याने दुरुस्त करून टिकवता येतात. ज्यांच्या डोक्यावर अजून कौलं आहेत त्यांना माझी कळकळीची विनंती आहे: छप्पर गळायची वाट न पाहता या महिन्यातच प्रॉपर्टी कार्ड आणि असेसमेंटचा जुना उतारा काढून घ्या, आणि आढ्याची उंची मोजून फोटो काढून ठेवा.