पाठीचा कणा आणि आपले गणगोत

जानेवारी 2018 मध्ये आपल्याच शहरात, तेव्हाच्या औरंगाबादेत, एका वैदिक संमेलनाच्या निमित्ताने आलेले तत्कालीन केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी डार्विनचा सिद्धान्त चुकीचा ठरविला. माकडाचा माणूस होताना पाहिल्याचे आपल्या पूर्वजांनी कोठे लिहिलेले नाही, असा त्यांचा मुद्दा होता. पुढे 2023 मध्ये एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग गेला. म्हणून विद्यार्थी मित्रांसाठी हा पाठ आम्ही मुद्दाम देत आहोत.

ज्यांना पाठीचा कणा आहे ते पृष्ठवंशीय प्राणी होत. मासे, उभयचर, सरपटणारे, पक्षी व सस्तन हे सारे त्यात येतात. आकारामुळे तेच डोळ्यांत भरतात. परंतु नोंदलेल्या प्राणिजातींत ते शंभरात सुमारे पाचच आहेत. उरलेल्यांत बहुसंख्य कीटक.

आता कोंबडीचा पंख घ्या. दंडात एक हाड, कोपरापुढे दोन, मग मनगट व बोटे. आपला हात तसाच. लेण्यांतील वटवाघळाचा पंख म्हणजे लांबलेली बोटे व त्यांवर ताणलेली कातडी. बैलाचे दुभंगलेले खूर म्हणजे दोन बोटांची नखेच. ज्यांच्या आज्या-पणज्यांवर मेलेली ढोरे ओढण्याची सक्ती होती, त्यांना हा सांगाडा पुस्तकाआधी ठाऊक होता. त्या जाणकारीला विद्येचा मान मात्र कोणी दिला नाही. उंदीर, माणूस, जिराफ यांच्या मानेत मणके सातच. वेगवेगळे घडविले असते, तर उंदराला व जिराफाला सारखेच मणके कशासाठी?

आजच्या माकडाचा माणूस झाला असे डार्विन म्हणतच नाही. दोघांचे पूर्वज एक, एवढेच त्याचे म्हणणे. राहिला पाहण्याचा प्रश्न. याच गोदावरीच्या गाळात, वर नांदूर मधमेश्वरला, नामशेष जातीच्या हत्तीची कवटी मिळाली व पिलग्रिम यांनी 1905 मध्ये तिची माहिती प्रसिद्ध केली. तो हत्तीही कोणी लिहून ठेवलेला नव्हता. कॅनडात 2004 मध्ये सापडलेल्या टिक्टालिकला खवले व पर माशाचे, पण मान व मनगट जमिनीवरील प्राण्यांसारखे. त्याचे वय सुमारे 37 कोटी वर्षे.

आपल्या कण्याचे शेवटचे मणके जुळून जे हाड होते, त्याला मराठीत माकडहाड म्हणतात. गर्भाला दुसऱ्या महिन्यात तेथे शेपूट असते. तो महिना सरता सरता ते विरून जाते.