नामपल्ली परिसर आणि मराठी विद्यार्थी

हैदराबाद शहरातील नामपल्ली हा भाग आज रेल्वेस्थानक, बाजारपेठ आणि वार्षिक औद्योगिक प्रदर्शन यांसाठी ओळखला जातो. परंतु या भागाची आणखी एक ओळख आहे. नामपल्ली आणि त्याला लागून असलेल्या आबिड, गनफाउंड्री, जांबबाग व सुलतान बाजार या वस्त्यांत विद्यार्थ्यांच्या अनेक पिढ्या घडल्या. तेलुगु, उर्दू, मराठी, कन्नड, तमिळ आणि बंगाली बोलणाऱ्या घरांतील मुले येथे एकाच शहराच्या वातावरणात शिकली. मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याचा भाग असल्यामुळे या विद्यार्थिजीवनाचा आपल्या शैक्षणिक इतिहासाशी निकटचा संबंध आहे.

शिक्षणासाठीचा प्रवास

त्या काळी मराठवाड्यात उच्च शिक्षणाच्या सोयी फार थोड्या होत्या. मॅट्रिकनंतर पदवीपर्यंत शिकावयाचे तर हैदराबाद गाठावे लागे, अन्यथा राज्याबाहेर जावे लागे. जालना, परभणी, नांदेड या बाजूचे विद्यार्थी गोदावरी खोऱ्यातून जाणाऱ्या मीटरमापी गाडीने काचीगुड्यास उतरत. सोलापूर-गुलबर्ग्याकडून येणारे वाडीमार्गे येत. वाडी ते सिकंदराबाद हा लोहमार्ग १८७४ मध्ये सुरू झाला होता, तर नामपल्लीचे स्थानक १९०७ मधले. खेड्यातून आलेल्या मुलाला शहराची भाषा, लिपी आणि रीतीभाती अशा सर्वच गोष्टी नव्याने शिकाव्या लागत. घरात मराठी, कचेरीत उर्दू, बाजारात तेलुगु आणि पुस्तकात इंग्रजी, असा त्याचा दिनक्रम असे.

परीक्षांची व्यवस्थाही दुहेरी होती. १८८७ मध्ये स्थापन झालेले निजाम कॉलेज मद्रास विद्यापीठाशी संलग्न होते व तेथे इंग्रजी माध्यम होते. या व्यवस्थेतील सर्वांत प्रसिद्ध विद्यार्थिनी म्हणजे सरोजिनी नायडू. त्यांचे वडील अघोरनाथ चट्टोपाध्याय हे हैदराबादेतील आधुनिक शिक्षणाचे एक प्रवर्तक होते. सरोजिनीबाई वयाच्या बाराव्या वर्षी मद्रास विद्यापीठाची मॅट्रिक परीक्षा उत्तीर्ण झाल्या. पुढे निजाम सरकारच्या शिष्यवृत्तीवर त्यांनी लंडनच्या किंग्ज कॉलेजात आणि केंब्रिजच्या गर्टन कॉलेजात अध्ययन केले. नामपल्ली स्टेशन रस्त्यावरील त्यांचे 'गोल्डन थ्रेशोल्ड' हे निवासस्थान नंतर हैदराबाद विद्यापीठास मिळाले. १९७४ मध्ये स्थापन झालेल्या या विद्यापीठाच्या कार्याचा प्रारंभ याच वास्तूत झाला. मुलींच्या उच्च शिक्षणाचे उस्मानिया विद्यापीठाचे वर्गही १९२४ मध्ये नामपल्ली भागातच सुरू झाले.

माध्यमाचा प्रश्न

१९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने उर्दू हे शिक्षणाचे माध्यम स्वीकारले. आधुनिक विषय भारतीय भाषेतून विद्यापीठीय पातळीवर शिकविण्याचा हा महत्त्वाचा प्रयोग होता. त्यासाठी आदल्याच वर्षी भाषांतर विभाग स्थापण्यात आला आणि इतिहास, विज्ञान, वैद्यक अशा विषयांवरील ग्रंथ उर्दूत आणण्यात आले. परकीय भाषेपेक्षा देशी भाषेतून ज्ञान लवकर ग्रहण होते, हे या प्रयोगामागील तत्त्व योग्यच होते. परंतु राज्यातील बहुसंख्य प्रजेची मातृभाषा तेलुगु, मराठी किंवा कन्नड होती. परभणी वा बीडच्या शेतकऱ्याच्या मुलाला उर्दू ही इंग्रजीप्रमाणेच प्रथम शिकून घ्यावी लागणारी भाषा होती. त्यामुळे मातृभाषेच्या तत्त्वावर उभारलेल्या व्यवस्थेचा लाभ बहुसंख्यांपर्यंत पोहोचला नाही. खेड्यातील पुष्कळ मुले माध्यमिक शाळेपर्यंतही येऊ शकली नाहीत.

विवेकवर्धिनीची स्थापना

या अडचणीवर समाजाने स्वतः उपाय शोधला. १९०७ मध्ये हैदराबादेत विवेकवर्धिनी ही शाळा स्थापन झाली. तिच्या उभारणीत केशवराव कोरटकर, वामनराव नाईक आणि पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर यांचा मोठा वाटा होता. कोरटकर हे मूळचे आजच्या हिंगोली जिल्ह्याच्या भागातील. गुलबर्गा व हैदराबाद येथे त्यांनी वकिली केली आणि पुढे ते हैदराबादच्या उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. सातवळेकर त्या वेळी हैदराबादेत चित्रकार म्हणून राहत होते. वेदांचे भाष्यकार म्हणून त्यांची कीर्ती पुढील काळातील आहे. त्याच वर्षी गुलबर्ग्यात नूतन विद्यालय सुरू झाले. औरंगाबादेत (आजचे छत्रपती संभाजीनगर) सरस्वती भुवन, अंबाजोगाईस योगेश्वरी आणि धाराशिव जिल्ह्यातील हिप्परगा येथे १९२१ मध्ये राष्ट्रीय शाळा, अशी संस्थांची मालिकाच तयार झाली.

या शाळा चालविणे सोपे नव्हते. खाजगी शाळा काढण्यासाठी सरकारची परवानगी घ्यावी लागे आणि सभा-संमेलनांवरही निर्बंध होते. निधी वर्गणीतून जमवावा लागे. शिक्षकांचे वेतन तुटपुंजे असे. तरीही स्वामी रामानंद तीर्थ व बाबासाहेब परांजपे यांच्यासारख्या माणसांनी आधी हिप्परगा व नंतर अंबाजोगाई येथे शिक्षकाचे काम पत्करले. हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेतृत्व पुढे ज्यांनी केले, त्यांची सार्वजनिक कार्याची तयारी अशा वर्गांमध्ये झाली, ही गोष्ट शिक्षकांनी विशेष ध्यानात घेण्यासारखी आहे.

१९३८ चे वर्ष

विद्यार्थ्यांच्या कसोटीचा प्रसंग १९३८ च्या अखेरीस आला. उस्मानिया विद्यापीठाच्या वसतिगृहांतील हिंदू विद्यार्थी प्रार्थनेच्या वेळी 'वंदे मातरम्' म्हणत असत. अधिकाऱ्यांनी ते म्हणण्यास मनाई केली. विद्यार्थ्यांनी ही आज्ञा मानली नाही व संप पुकारला. औरंगाबाद, गुलबर्गा, वरंगळ येथील महाविद्यालयांतही हीच ठिणगी पेटली. शेकडो विद्यार्थ्यांना शिक्षणसंस्थांतून काढून टाकण्यात आले.

या घटनेचे गांभीर्य समजण्यासाठी त्या मुलांची परिस्थिती पाहिली पाहिजे. कित्येकांच्या घरातील ते पहिलेच पदवीकडे निघालेले विद्यार्थी होते. वडिलांनी जमीन गहाण टाकून किंवा नातलगांकडून उसने घेऊन शिक्षणाची तजवीज करावी, असा तो काळ होता. नाव कमी झाले म्हणजे वर्ष वाया जाणार, सरकारी नोकरीची आशा मावळणार आणि घरचे कष्ट व्यर्थ ठरणार. माफी मागितली तर परत प्रवेश मिळण्याचा मार्ग मोकळा होता. तरीही अनेकांनी माफी मागितली नाही.

अशा वेळी नागपूर विद्यापीठाने त्यांना आसरा दिला. तेव्हाचे कुलगुरू टी. जे. केदार यांनी हैदराबाद राज्यातून आलेल्या विद्यार्थ्यांना प्रवेश मिळवून दिला. वरंगळ येथे शिकणारे पी. व्ही. नरसिंह राव हे या विद्यार्थ्यांपैकी एक. त्यांनी पुढे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातून विज्ञानाची आणि नागपूर विद्यापीठातून कायद्याची पदवी घेतली व १९९१ ते १९९६ या काळात देशाचे पंतप्रधानपद भूषविले. या वास्तव्यात त्यांनी मराठीचे इतके चांगले ज्ञान मिळविले, की हरि नारायण आपटे यांच्या 'पण लक्षात कोण घेतो' या कादंबरीचा त्यांनी तेलुगुत अनुवाद केला. एका विद्यापीठाचे दार बंद झाले आणि दुसऱ्याने उघडले, त्यातून दोन भाषांमधील हा सेतू निर्माण झाला.

बहुभाषिक शिक्षणाचे फळ

अन्य भाषेचे ओझे सोसावे लागले, तरी ती भाषा आत्मसात करणाऱ्यांनी तिचा उपयोग मराठीसाठीही करून घेतला. निलंगा येथे जन्मलेले सेतुमाधवराव पगडी (१९१०-१९९४) यांचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. हैदराबाद राज्यात वाढल्यामुळे लाभलेले उर्दूचे आणि त्यासोबत फारसीचे ज्ञान त्यांनी इतिहासाच्या कामी लावले व मोगलकालीन साधने मराठी वाचकांस उपलब्ध करून दिली. नरहर कुरुंदकर (१९३२-१९८२) यांनीही हैदराबादेत सिटी कॉलेजात शिक्षण घेतले. उस्मानिया विद्यापीठातील मराठीचे प्राध्यापक डॉ. ना. गो. नांदापूरकर हे त्यांचे मामा. इंटरच्या परीक्षेत कुरुंदकरांना अपयश पाहावे लागले. परंतु वाचन आणि चिंतन यांच्या बळावर ते महाराष्ट्रातील मान्यवर विचारवंत झाले आणि नांदेडच्या पीपल्स कॉलेजचे प्राचार्य झाले. परीक्षेतील गुण हे विद्यार्थ्याच्या योग्यतेचे एकमेव माप नव्हे, हे यावरून दिसून येते.

प्रदर्शनातून शाळा

नामपल्लीने दिलेला आणखी एक धडा स्वावलंबनाचा आहे. १९३८ मध्येच उस्मानियाच्या पदवीधरांच्या संघटनेने येथील सार्वजनिक उद्यानात एक लहानसे औद्योगिक प्रदर्शन भरविले. स्थानिक कारागिरांच्या मालाला गिऱ्हाईक मिळावे आणि उत्पन्नातून शैक्षणिक कार्य व्हावे, हा हेतू होता. 'नुमाइश' या नावाने परिचित झालेले हे प्रदर्शन १९४६ मध्ये नामपल्लीतील आजच्या मैदानावर आले. दरवर्षी जानेवारीच्या आरंभापासून ते भरते. गाळ्यांचे भाडे व प्रवेशशुल्क यांतून होणारे उत्पन्न शिक्षणसंस्थांकडे वळविले जाते. मैदानाच्या परिसरातील सरोजिनी नायडू वनिता महाविद्यालय आणि कमला नेहरू तंत्रनिकेतन या मुलींच्या संस्था या योजनेचेच फळ होत. गावोगावच्या यात्रा आणि बाजार यांच्या उत्पन्नाचा काही भाग शाळेच्या ग्रंथालयासाठी किंवा प्रयोगशाळेसाठी राखून ठेवता येईल काय, याचा विचार ग्रामपंचायतींनी या उदाहरणावरून अवश्य करावा.

आजच्यासाठी बोध

१७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद राज्य भारतात विलीन झाले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९५८ मध्ये औरंगाबादेस मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. त्यानंतर पदवीसाठी हैदराबादची वाट धरण्याची आवश्यकता उरली नाही. तथापि घरापासून दूर, परक्या भाषेच्या शाळेत जाणारी मुले आजही आहेत. ऊसतोड, वीटभट्टी आणि बांधकाम यांसाठी स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांतील मुलांचा प्रश्न मुळात तोच आहे. सीमाभागातील वर्गांतही घरची भाषा एक व पाठ्यपुस्तकाची दुसरी, असे चित्र दिसते. अशा मुलाला मंदबुद्धी समजणे अन्यायाचे आहे. त्याच्या भाषेतील चार शब्द शिक्षकाने शिकून घेतले, आल्याबरोबर त्याला वर्गात स्थान दिले आणि प्रवेशाच्या कागदपत्रांसाठी त्याचे वर्ष अडवून ठेवले नाही, तर तो टिकतो व पुढे जातो. १९३८ मध्ये नागपूरने दार उघडले म्हणून शेकडो विद्यार्थ्यांचे शिक्षण वाचले. तसे दार उघडण्याचा अधिकार आज प्रत्येक मुख्याध्यापकाच्या हाती आहे.