शाखा चुकली, आता विज्ञान विसरायचं का?

प्रश्न : लोणावळ्याच्या कैवल्यधामात योगावर प्रयोगशाळेत संशोधन चालतं. ही संस्था काढणारे स्वामी कुवलयानंद मूळचे शास्त्रज्ञ होते का? मी कला शाखेच्या दुसऱ्या वर्षाला आहे. शरीरविज्ञानाची ओढ आत्ता लागली आहे, आणि घरचे म्हणतात, उशीर झाला.
– एक विद्यार्थिनी, कामशेत

उत्तर : नाही, शास्त्रज्ञ नव्हते. जगन्नाथ गणेश गुणे हे त्यांचं मूळ नाव. जन्म १८८३चा, बडोदे संस्थानातल्या डभोईचा. मॅट्रिकला त्यांनी मिळवली ती संस्कृतसाठीची जगन्नाथ शंकरशेठ शिष्यवृत्ती. पुढे बडोद्याला जुम्मादादा व्यायामशाळेत माणिकरावांच्या हाताखाली तालीम झाली, मग अमळनेरला राष्ट्रीय शिक्षणाच्या कामात शिकवणं आणि प्राचार्यपद. नर्मदाकाठच्या मालसरला परमहंस माधवदासजींकडून ते योग शिकले. यात विज्ञानाची पदवी कुठेच नाही.

विज्ञान आलं ते एका नेमक्या प्रश्नातून. बस्ती करताना योगी नौलीच्या जोरावर नळीतून आतड्यात पाणी वर ओढून घेतात, हे पूर्वीपासून माहीत होतं. पण पाणी चढतं कशामुळे? पोथीतलं उत्तर गुण्यांना पुरेना. १९२०च्या दशकाच्या सुरुवातीला बडोद्याच्या रुग्णालयात त्यांनी उड्डियान आणि नौलीच्या क्ष-किरण तपासण्या करवून घेतल्या, दाबमापकही लावला. श्वास पूर्ण सोडायचा, कंठ बंद ठेवून छाती फुगवायची. श्वासपटल वर जातं आणि पोट पाठीला लागतं. हे उड्डियान. मग पोटाचे मधले दोन स्नायू तेवढे आवळून पुढे काढायचे, ही नौली. त्या क्षणी मोठ्या आतड्यातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो, म्हणून पाणी आत खेचलं जातं. या पोकळीला त्यांनी गुरूंचं नाव दिलं : माधवदास व्हॅक्यूम.

ऑक्टोबर १९२४मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम उभं राहिलं, त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक निघालं आणि हे प्रयोग त्यात छापले गेले. तेव्हा ते एकेचाळीस वर्षांचे होते. पुढे येल विद्यापीठातले मानसशास्त्राचे अभ्यासक कोवूर बेहनन त्यांच्याकडे योग शिकायला आले आणि १९३७मध्ये बेहनन यांचं योगाच्या वैज्ञानिक परीक्षणावरचं पुस्तक आलं.

मला यात सर्वांत मोलाचं वाटतं ते हे, की संस्कृत आणि तालीम त्यांना टाकून द्यावी लागली नाही. ग्रंथ मुळातून वाचता येत होते आणि क्रिया स्वतःच्या अंगात होती, म्हणून तो प्रश्न त्यांना पडला. उपकरणं आणि डॉक्टर रुग्णालयात होते. त्यांच्याकडे जायला ते संकोचले नाहीत. उलट दिशेचं उदाहरणही तुमच्याच तालुक्याशी जोडलेलं आहे. गणिती दामोदर कोसंबींनी १९४४मध्ये आनुवंशशास्त्राला आजही वापरात असलेलं एक सूत्र दिलं आणि १९५५मध्ये कार्ल्याच्या शिलालेखांतल्या ‘धेनुकाकट’ या गावावर शोधनिबंध लिहिला.

तरीही तुम्हाला खोटा धीर देणार नाही. शंभर वर्षांपूर्वीची मोकळीक आज नाही. डॉक्टर व्हायचं तर बारावीला भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि मग ‘नीट’ परीक्षा, याला पळवाट नाही. हे विषय राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून घेता येतात, पण वर्षं जातील, हे घरी स्पष्ट सांगा. ओढ शरीराच्या अभ्यासाचीच असेल, तर मानसशास्त्र आणि योगशिक्षण ही दारं कला शाखेलाही उघडी आहेत. दोन्हीकडे संख्याशास्त्र लागेल. ते आजपासूनच शिकायला घ्या.

आणि ‘उशीर झाला’ हे ऐकून थांबू नका. हव्या त्या अभ्यासक्रमाचं माहितीपत्रक मागवा आणि पात्रतेची अट स्वतः वाचा.