मालमोटारीचा संगणक बदलल्यानंतर

भारत स्टेज ६ हे मानक १ एप्रिल २०२० पासून लागू झाले. अशा डिझेल मालमोटारींत इंजिनाचा कारभार मिस्त्री ज्यास ‘ईसीएम’ म्हणतात त्या संगणकाच्या हाती असतो. तो बदलूनही दोष राहिला, तर गव्हाची भरलेली गाडी बऱ्हाणपुरातच अडते आणि दुसऱ्या पेटीच्या खर्चाची भाषा सुरू होते. चिठ्ठ्याच चुकीच्या येत असतील, तर मुनीम बदलून मेळ जुळत नाही. म्हणून व्यापारी बंधूंनी पुढील क्रम पाळावा, असे आम्ही सुचवितो.

१. स्कॅनरवरील दोषांक लिहून घेऊन मगच पुसावेत. पुन्हा उमटेल त्याचा शोध घ्यावा.

२. इंजेक्टरांवर छापलेले संकेतांक नव्या पेटीत भरले आहेत काय, हे विचारावे. ते चुकल्यास इंजिन खडखडते व धूर सोडते. इमोबिलायझरची ओळख न जुळल्यास गाडी सुरूच होत नाही.

३. फ्यूज, अर्थिंग आणि जोडणीतील पिनांवरील गंज पाहावा.

४. बॅटरी सोडवून कॅन-तारांच्या जोडीचा रोध मोजावा. तो सुमारे ६० ओहम यावा. १२० आल्यास एका टोकाचा रोधक किंवा तार तुटली असे समजावे.

चासीवर वेल्डिंग करण्यापूर्वी बॅटरी व पेटी दोन्ही अवश्य सोडवावीत.