कल्पित विश्वातील लोकसंख्या : टोल्कीन यांच्या 'मध्य-पृथ्वी'च्या संदर्भात

अद्भुत साहित्यातील विश्व कल्पित असले, तरी त्यातील समाज दाट वसला आहे की विरळ, याला वाङ्मयीन अर्थ असतो. जे. आर. आर. टोल्कीन यांच्या 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' (१९५४-५५) या कादंबरीच्या आधारे या अर्थाचा शोध येथे घ्यावयाचा आहे.

टोल्कीन यांनी प्रत्येक वंशाची वाढ त्याच्या जीवनदृष्टीशी जोडली आहे. अमर एल्फांना अपत्ये थोडी. शिवाय त्यांचे समुद्रापार निर्गमन चालूच असते. ड्वार्फ समाजाविषयी परिशिष्टात अधिक नेमका तपशील येतो. त्यांच्यात स्त्रिया एकतृतीयांशाहून अधिक नाहीत. काहींना विवाहाची इच्छा नसते आणि अनेक पुरुषही कारागिरीत गुंतून अविवाहित राहतात. साहजिकच त्यांची संख्या संथपणे वाढते आणि सुरक्षित निवास सुटला की वंशच संकटात येतो. एन्टांच्या स्त्रिया नाहीशा झाल्याने त्यांना तर पुढची पिढीच उरलेली नाही. तिसऱ्या युगाच्या १६३६ या वर्षीच्या महामारीने गोंडोर खचते. पुढे मिनास तिरिथमधील कित्येक घरे रिकामी दिसतात. याउलट, शेतीत रमलेल्या हॉबिटांची कुटुंबे मोठी असतात. सॅमला तेरा अपत्ये होतात. येथे ओसाडी ही केवळ पार्श्वभूमी नसून ऱ्हासाची खूण आहे.

मात्र ऑर्कांच्या बाबतीत हे सूत्र तुटते. तेही इतरांप्रमाणेच प्रजोत्पादन करतात, असे 'द सिल्मरिलियन' (१९७७) सांगते. परंतु कादंबरीत त्यांच्या स्त्रिया वा मुले कोठेही दिसत नाहीत. इतरांना लोकसंख्या आहे. ऑर्कांना केवळ संख्या आहे. ज्याला घर नाही, बालपण नाही, त्याच्या मृत्यूचा शोक वाचकाला होत नाही. युद्धकथेची ही सोय नैतिकदृष्ट्या निरुपद्रवी म्हणता येणार नाही. ऑर्कांच्या उत्पत्तीचा प्रश्न स्वतः टोल्कीन यांनाही अखेरपर्यंत छळत राहिला, हे 'मॉर्गॉथ्स रिंग' (१९९३) या ग्रंथातील त्यांच्या उत्तरकालीन लेखनावरून स्पष्ट होते.

तात्पर्य, कल्पित विश्वात किती लोक आहेत, हे पाहणे पुरेसे नाही. लेखकाने कोणाला कुटुंब दिले आणि कोणाला केवळ झुंड म्हणून मोजले, हा समीक्षेचा खरा प्रश्न होय.