रविवारचे बाबा

प्रश्न : बोरिवलीहून चर्चगेटला नोकरी, घरी पोचायला रात्रीचे नऊ. आठ वर्षांची मुलगी माझ्याशी मोकळेपणाने बोलत नाही. काय करू?

उत्तर : रविवारी नॅशनल पार्कात नेऊन ही उणीव भरत नाही. बालविकासाच्या अभ्यासात वडील विसरलेच गेले, असं मानसशास्त्रज्ञ मायकेल लॅम्ब यांनी १९७५ मध्ये लिहिलं. त्यांच्या पुढच्या अभ्यासातला मुद्दा असा, की तासांपेक्षा मुलाच्या मनःस्थितीला वडील कसा प्रतिसाद देतात, हे मोलाचं. मग वेळ नसला तरी चालेल? नाही, रोजच्या सहवासाशिवाय मनःस्थिती कळणार कशी? म्हणून एक काम पूर्णपणे तुमच्याकडे घ्या : सकाळची वेणी किंवा रात्री दप्तर भरणं. ‘हे आईचं काम’ असं घरचे म्हणतील, म्हणू देत. ते काम करताना मार्कांची चौकशी मात्र नको, आणि सुरुवातीला ती गप्प राहिली तरी काम सोडू नका.