लांब दौडीतील घोड्याची तहान

प्रश्न : दूरच्या दौडीत घोडा पाणी पीत नसेल, तर त्याला तहान नाही असे समजावे काय?

उत्तर : मुळीच नाही. घोड्याच्या घामातून पाण्याबरोबर क्षारही विपुल प्रमाणात जात असल्यामुळे, शरीर शुष्क होत असतानाही तृष्णेची जाणीव मंदावते. यास्तव प्रत्येक मुक्कामी पाणी पुढे करून, हिरडी दाबून सोडताच तिची गुलाबी छटा २ सेकंदांत परतते की नाही, आतड्यांचा ध्वनी ऐकू येतो की नाही, आणि विसाव्यात मिनिटाला २८ ते ४४ असणारे हृदयाचे ठोके दौड थांबल्यावर लवकरच ६४ पर्यंत उतरतात की नाही, याची तपासणी स्वाराने जातीने करावी. यांपैकी कशातही कसूर आढळल्यास दौड तत्काळ तहकूब करून पशुवैद्यास पाचारण करावे. कॅलिफोर्नियातील १०० मैलांच्या टेव्हिस चषक दौडीतही, अखेरीस घोडा पुढे चालण्यास समर्थ ठरला, तरच दौड पूर्ण झाल्याचे मानतात.